फोटोचं पातेलं, खायचं पातेलं

थंडी सरत आली की माणसं कंटाळतात, असं संपादिकाबाईंचं ठाम मत होतं. "वाचक कंटाळलेला असतो, आपण कंटाळायचं नाही," असं त्या दरवर्षी फोनवर बजावायच्या, आणि दरवर्षी हौशीताई फोन खांद्यात दाबून "हो, हो" म्हणत काहीतरी कापत, चिकटवत, नाहीतर ढवळत असायची.

हौशीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. मासिकात तिचं चार पानांचं सदर असायचं. एक पदार्थ, एक हस्तकला, घराचा एखादा कोपरा सजवायची युक्ती, आणि खाली सही, 'तुमची हौशीताई'. अकरा वर्षं हे चाललं होतं. आता तर भाजीवालाही तिला हौशीताईच म्हणायचा. खरं सांगायचं तर तिला हौस अशी एकच उरली होती, आडवं होण्याची. पण ते लिहायला सदरात जागा नव्हती.

या खेपेचा विषय होता 'सरत्या थंडीतलं हसरं घर'. हसऱ्या घराची अवस्था काय सांगावी! बैठकीच्या खोलीत दोरीवर संत्र्याच्या चकत्या वाळत होत्या. सोफ्यावर लोकरीच्या गोंड्यांचा ढीग, त्यामुळे सोफ्यावर बसायची सोय नाही. खिडकीपाशी बरणीत वाळक्या फांद्या, आणि त्या फांद्यांना दोनशे चाळीस कागदी कळ्या. त्या तिने एकेक करून चिकटवल्या होत्या, त्यामुळे दोन बोटांची टोकं गोंदाने कडक झाली होती. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लोकांना घर सजवायच्या युक्त्या सांगणारी ही बाई दोन महिने उभ्याउभ्या चहा-ब्रेडवर दिवस काढत होती.

आई येऊन तीन महिने झाले होते. आई घरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि हौशीताईने तिला आपल्याकडे आणलं. दादा म्हणाला होता, "तुला झेपेल का?" त्यावर ती तोऱ्यात म्हणाली होती, "माझी आई आहे. न झेपायला काय झालं?" तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, हे तिला नंतर रोज आठवायचं.

आई म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. मुलींच्या वसतिगृहात अठ्ठावीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेली. दीडशे मुलींचं जेवण, आणि एकीचीही तक्रार नाही. जीभ अशी तिखट की शेजारणी तिला जेवायला बोलवायला घाबरायच्या. "छान झालंय हं, फक्त मीठ घालायचं राहिलं," असं ती भर पंगतीत हसत सांगायची, आणि वाढणारी बाई खाली मान घालून मीठ आणायला पळायची.

तीच आई आता जेवत नव्हती. पहिला महिना बरा गेला. हौशीताईने रजा टाकली होती, दोन्ही वेळा गरम गरम रांधून घालत होती, आई चाटूनपुसून खात होती. मग सदराचं काम अंगावर आलं, त्यात विशेषांक, म्हणजे चाराची आठ पानं. तेव्हापासून आईचं खाणं उतरत गेलं. वाडग्यातले चार चमचे घ्यायची आणि वाडगा बाजूला सारायची. "भूक नाही गं." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दोन महिन्यांत पाच किलो वजन गेलं. हातातली बांगडी कोपरापर्यंत जायला लागली.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही सापडलं नाही. "वय झालं की भूक मंदावते," ते म्हणाले. "ताट जरा आकर्षक दिसू द्या. रंगीबेरंगी."

आकर्षक! हे हौशीताईला सांगायचं म्हणजे मासोळीला पोहायला शिकवणं. त्या दिवसापासून आईच्या वाडग्यात गाजराची फुलं तरंगायला लागली, शेंगा हिरव्यागार, वरून तेलाची चकाकी, कडेला संत्र्याची पातळ चकती. आई वाडग्याकडे बघायची, मग लेकीच्या तोंडाकडे बघायची, म्हणायची, "किती सुंदर गं." आणि चार चमच्यांनंतर वाडगा बाजूला.

शेवटी दादाचा फोन आला. "मी वृद्धनिवासात खोली बघून ठेवलीये. तिथे नर्स असते, वेळेवर खायला घालतात. नाहीच खाल्लं तर नळी घालायची सोय आहे. रविवारी बारा वाजता येतो. तू चिडू नकोस. तुझी चूक आहे असं कोण म्हणतंय?"

कोणी म्हणत नव्हतं. पण स्वतःच्या आईला दोन घास पोटभर घालता येऊ नयेत यापेक्षा मोठी हार कुठली? आणि फोन ठेवल्यावर तिच्या मनात एक चोरटा विचार आला, आई गेली तर निदान झोप तरी मिळेल. तो विचार आल्याबरोबर तिला स्वतःची इतकी शरम वाटली की ती कात्री टाकून मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "जाईन की. तुझा व्याप तरी कमी होईल." एवढंच. भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. रडायला एकटीच उरली की रडण्यातही राम नसतो.

आता रविवारची गोष्ट. सोमवारी पानं छापायला जायची होती आणि या अंकातल्या पदार्थाचा, भाज्यांच्या सूपचा, फोटो अजून व्हायचा होता. ऊन खिडकीतून टेबलावर यायचं ते अकरा ते बारा, एवढंच. दहा वाजता लांबू आला. लांबू म्हणजे फोटोग्राफर. उंची ताडमाड, वय पन्नाशीचं, दारातून येताना वाकून येणारा. अकरा वर्षं दोघं मिळून हे उद्योग करत होती.

फोटोचा स्वयंपाक हा वेगळाच प्रकार असतो, बरं का. मीठ घातलं की चिरलेल्या भाजीला पाणी सुटतं आणि ती मलूल पडते, म्हणून मीठ घालायचंच नाही. शेंगा, गाजर अर्धेकच्चेच उकडायचे, म्हणजे रंग उतरत नाही. वाडग्याच्या तळाशी एक वाटी पालथी घालायची, म्हणजे भाज्या बुडत नाहीत, वर येऊन मिरवतात. वरून ब्रशने तेल लावायचं. आणि वाडग्यामागे गरम पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ठेवला की अशी वाफ दिसते की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. चव कोणी बघत नाही. बघायची कशाला? कॅमेऱ्याला जीभ असते का?

एकदा लांबूने असलंच एक पातेलं रिकामं केलं होतं आणि दोन दिवस पोट धरून बसला होता. तेव्हापासून घरात नियम होता. फोटोच्या पातेल्याला लाल चिकटपट्टी, खायच्या पातेल्याला काही नाही. त्या रविवारीही शेगडीवर दोन पातेली होती. एकाला लाल पट्टी. दुसरं आईचं, जाण्याआधीचं शेवटचं.

आई आतल्या खोलीत पलंगावर नीटनेटकं पातळ नेसून बसली होती. शेजारी भरलेली बॅग. बॅगेच्या कप्प्यात हौशीताईने दोन कागदी कळ्या खोचल्या होत्या. कशाला खोचल्या, तिचं तिलाही माहीत नव्हतं. हातालाच सवय लागली होती, दिसली मोकळी जागा की सजव.

टेबल मांडून झालं. निळं कापड, बरणीतल्या फांद्या, दोन वाडगे, दोन खुर्च्या, एका खुर्चीच्या पाठीवर लोकरीची शाल अशी टाकलेली, जणू कोणी आत्ताच उठून गेलंय. ऊन टेबलाच्या कडेला येऊन ठेपलं होतं.

"ताई, पाच मिनिटं आहेत," लांबू म्हणाला. "पोटात कावळे ओरडतायत हो. सकाळपासून काही नाही. आहे का काही?"

"पट्टी नसलेल्या पातेल्यातलं घे. आईचं आहे, पण ती कुठे संपवतेय." बोलता बोलता तिने शालीची घडी सारखी केल्यासारखं केलं.

लांबू आत गेला. चमच्याचा आवाज आला. मग कडाम् असा आवाज आला, कच्चं गाजर दाताखाली आल्याचा. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. ती डोकावली तर लांबू गाल फुगवून उभा होता आणि पातेलं उचलून चारी बाजूंनी बघत होता.

"ताई, याची पट्टी सुटून पडली वाटतं."

"कसली पट्टी?"

"लाल. हे फोटोचं आहे ना?"

"नाही रे बाबा. ते खायचं. आईचं."

लांबूची पंचाईत झाली. घास गिळावा तर गिळवेना, थुंकावा तर ताईसमोर कसा थुंकावा. शेवटी त्याने डोळे मिटून तो गिळला. "ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "यात मीठ नाही. अजिबात नाही. आणि गाजर कच्चं आहे."

"काहीतरीच काय!" तिने त्याच्या हातातला चमचा ओढून घेतला आणि तोंडात घातला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने आपल्या हातचं काही चाखलं. कोमट पाणी, त्यात लाकडाचे तुकडे, वरून तेलाचा थर. बस्स.

ती शेगडीला टेकून उभी राहिली. दोन महिने! दोन महिने एकाच विळीवर, एकाच हाताने दोन्ही पातेल्यांचं चिरत होती, एकाच मापाने उकडत होती. हात अकरा वर्षांच्या सवयीने चालत होते, डोकं झोपेत होतं. एका पातेल्याला पट्टी लावायची आणि दुसऱ्याला नाही, एवढाच काय तो फरक राहिला होता. आईला ती दोन महिने फोटो खायला घालत होती. आणि डॉक्टर, तपासण्या, रक्त, क्ष-किरण! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती तशीच चमचा घेऊन आतल्या खोलीत गेली.

"आई, यात मीठ नव्हतं?"

आईने तिच्याकडे बघितलं, मग बॅगेकडे बघितलं. "कोण म्हणालं?"

"आई!"

"नव्हतं," आई म्हणाली. "बरेच दिवस नव्हतं."

"अगं मग बोलली का नाहीस? तू? जन्मभर लोकांच्या मिठाला नावं ठेवत आलीस, आणि मला एक शब्द नाही? मरायला टेकलीस ना!"

"ओरडू नकोस. तो बाहेर उभाय बिचारा." आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू ते गाजराचं फूल करून आणायचीस. बोटाला चिंधी बांधलेली, डोळे सुजलेले. समोर उभी राहून बघायचीस, मी खाते का ते. मला वाटलं, दमून दमून पोरीची चवच गेली. आता हिला सांगू, की तुझा स्वयंपाक तोंडात घालवत नाही? तू तिथेच खाली बसली असतीस. म्हटलं, भूक नाही म्हणावं. त्यात कोणाचा अपमान नाही."

हौशीताई वळली आणि स्वयंपाकघरात गेली. लाल पट्टीचं पातेलं, बिनपट्टीचं पातेलं, दोन्ही एकात ओतली. शेगडी मोठी केली. बटाटे घातले, कांदा घातला, हाताला लागलं ते घातलं.

"ताई," लांबू दारातून म्हणाला, "ते फोटोचं होतं."

"माहितीये."

"ऊन टेबलावर आलंय. निदान रिकाम्या टेबलाचा एक..."

"खड्ड्यात गेलं टेबल!" अकरा वर्षांत ती लांबूवर पहिल्यांदा खेकसली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुला नाही रे. तू तो बटाटा सोल."

लांबूने मुकाट्याने बटाटा सोलला. पातेल्यातलं सगळं रटरटायला लागलं. शेंगांचा रंग गेला, गाजराची फुलं फुटून त्यांचा चिखल झाला, सगळं मिळून मातकट झालं. संपादिकाबाईंनी बघितलं असतं तर त्यांना भोवळच आली असती. हौशीताईने मूठभर मीठ घेतलं आणि घातलं. चव बघायला चमचा उचलला, तोच बेल वाजली.

दादा होता. हातात वृद्धनिवासाचे कागद, चेहरा आठवडाभर न झोपल्यासारखा. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही आईच ना ती. "तयार आहे का?" त्याने दारातच विचारलं.

"जेवून जाईल," हौशीताई म्हणाली.

"जेवून?" तो कसनुसा हसला. "अगं, जेवली असती तर मी आलो कशाला असतो?"

"तू बस. दहा मिनिटं थांब." ती परत शेगडीपाशी पळाली. एक ध्यास घेतला होता डोक्याने, मीठ, मीठ विसरायचं नाही. तिने बरणी उघडली, मूठभर मीठ घेतलं आणि घातलं, ढवळलं, आणि पातेलं उतरवलं.

घरात जेवायला बसता येईल असं टेबल एकच होतं, फोटोचं. दादाने आणि लांबूने दोन्हीकडून धरून आईला तिथवर आणलं, शालीच्या खुर्चीवर बसवलं. डोक्यावर कागदी कळ्या, समोर वाडगा, वाडग्यात तो मातकट चिखल. तळाशी पालथी वाटी नाही, वर फूल नाही. हौशीताई टेबलाला धरून उभी राहिली. आता आईने वाडगा बाजूला सारला की संपलं. कागदावर सही, बॅग उचलायची, जिना उतरायचा.

आईने पहिला चमचा घेतला. क्षणभर थांबली. लेकीकडे बघितलं. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. वाडगा अर्धा झाला. दादा खुर्चीत पुढे सरकला.

"पाणी दे गं," आई म्हणाली. गटागटा पेलाभर पाणी प्यायली आणि पुन्हा चमचा उचलला. वाडगा रिकामा झाला. तिने तो पुढे केला. "वाढ."

"आणखी?" दादा म्हणाला.

"का? तुझ्या बापाच्या घरचं खातेय का?" आईचा जुना आवाज दोन महिन्यांनी घरात उमटला. लांबूने हसू लपवायला कॅमेऱ्यात डोकं घातलं.

दुसरा वाडगाही गेला. मध्ये दोनदा पाणी मागितलं. दादा बघतच राहिला होता. "वासाने मलाही भूक लागली," तो म्हणाला. "मलाही दे वाडगाभर."

"तुला काही मिळायचं नाही," आई ताडकन म्हणाली. "घरी बायकोने केलं असेल ते खा. हे माझं आहे. संध्याकाळी लागेल मला."

मग लांबूने आशेने बघितलं तर त्यालाही म्हणाली, "तू तर बघूच नकोस. मघाशी खाल्लंस ना?"

दादाने कागद हातात घेतले, उलटसुलट केले, आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. "महिनाभर बघू," तो म्हणाला. "महिन्याने वजन करू. मला काय हौस आहे का तिला कुठे नेऊन ठेवायची?" त्याने वाकून आईच्या खांद्यावर हात ठेवला, हौशीताईच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी, आणि निघाला. टेबलावरचं ऊन केव्हाच गेलं होतं. लांबूने सामान आवरलं. "उद्या अकराच्या उन्हाला येतो. संपादिकाबाईंना मी सांगतो, ढगाळ होतं म्हणून," असं म्हणून तोही दादामागून वाकून दाराबाहेर पडला.

खोलीत दोघीच उरल्या. हौशीताई दुसऱ्या खुर्चीवर बसली. नुसतं बसलं तरी अंगातला सांधान् सांधा बोलत होता. तिने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आईने पुन्हा पेला भरून घेतला.

"मीही दोन घास खाते," हौशीताई म्हणाली. "भूक लागलीये. खरंच लागलीये गं."

"तू ब्रेड खा," आई घाईने म्हणाली. "हे संध्याकाळसाठी ठेव."

"असू दे, पुष्कळ आहे." तिने वाडग्यात दोन पळ्या ओतल्या आणि पहिला चमचा तोंडात घातला.

जिभेला चटका बसावा तसं झालं. मीठ! नुसतं मीठ! एक मूठ बेल वाजायच्या आधीची, आणि एक मूठ नंतरची. घास तोंडात धरवेना, डोळ्यांत पाणी आलं. तिने समोर बघितलं. दोन रिकामे वाडगे, पुसल्यासारखे स्वच्छ.

"आई! अगं हे तू खाल्लंस? दोन वाडगे? हे तर जनावर खाणार नाही!"

आईने पेला तोंडाचा काढला. "हळू बोल," ती म्हणाली. "तुझा दादा अजून जिन्यात आहे."